पीएचडीला दिसतात, प्राध्यापक होईपर्यंत कुठे जातात? (खगोलशास्त्रातल्या बायका)

मृगशीर्ष

भाचीच्या निमित्ताने हा विषय घरात निघाला. ती एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि डोक्यात खगोलशास्त्राचं खूळ. जेवताना तिचे काका म्हणाले, "आता काय, मुली सगळीकडे पुढे आहेत. तुमच्या त्या दुर्बिणवाल्यांतही निम्म्या मुलीच असतील." मी "निम्म्या नाहीत" एवढंच म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. पंगतीत आकडे काढले की लोक ताटावरून उठतात. म्हणून इथे काढते.

अमेरिकेत २०१७ साली खगोलशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्यांत ४० टक्के स्त्रिया होत्या. भौतिकशास्त्राच्या मानाने हा आकडा चांगलाच म्हणायचा. आता दुसरं टोक बघा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ, म्हणजे ज्यांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं ते लोक. त्यांच्या सभासदांत बायका साधारण एक-पंचमांश. पूर्ण सभासद व्हायचं तर पीएचडी होऊन या धंद्यात बस्तान बसलेलं लागतं. म्हणजे पीएचडीच्या वर्गात पाचात दोन आणि बस्तान बसलेल्यांत पाचात एक.

गंमत म्हणजे अगदी वरच्या खुर्चीचं चित्र वेगळं आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या या संघाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली २००६ मध्ये, कॅथरीन सेझार्स्की. मग २०१५ ते २०२४ या काळात ओळीने तीन अध्यक्ष स्त्रियाच. आपल्याकडेही २०१९ मध्ये जी. सी. अनुपमा भारतीय खगोलशास्त्रीय संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत अन्नपूर्णी सुब्रमण्यम पहिल्या स्त्री संचालक झाल्या. पुण्यात आयुकाचे (विद्यापीठांसाठीची खगोलशास्त्राची संशोधन संस्था) आजवरचे सगळे संचालक मात्र पुरुष.

खाली बऱ्या, शिखरावर फोटोपुरत्या दिसतात, मधलं जिनं रिकामं. या मधल्या जिन्यावर काय होतं, याबद्दल बोलू या.

---

साधा_माणूस

ताई, लेख आवडला, पण यात गूढ काही नाही. आजचा प्राध्यापक पन्नाशीचा. त्याची पीएचडी पंचवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा वर्गात मुली कमी होत्या म्हणून आज प्राध्यापक कमी. आज ४० टक्के आहेत, तर पंचवीस वर्षांनी प्राध्यापकही ४० टक्के असतील. धरणाचं पाणी कालव्याच्या टोकाला पोचायला वेळ लागतो, तेवढंच. उगाच अन्याय-अन्याय करून काय मिळणार?

(अवांतर: "मधलं जिनं" नाही हो, "मधला जिना".)

---

चिंगी

आले शुद्धलेखनवाले. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

---

मृगशीर्ष

@साधा_माणूस, जिना मान्य. कालवा अमान्य.

तुमचा मुद्दा चुकीचा नाही, अपुरा आहे. आणि तो तपासून झालेला आहे. लिसा क्यूली या ऑस्ट्रेलियातल्या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी २०२१ मध्ये तिथल्या संशोधकांच्या आकडेवारीवरून एक मॉडेल केलं. आज किती जणांना घेतात, किती जणांना बढती मिळते, किती सोडून जातात, हे सगळं घालून पुढे काय होईल ते पाहिलं. आहे तसंच चालू ठेवलं तर वरिष्ठ जागांवर बायका ३० टक्के व्हायला किमान ६० वर्षं लागतील असं निघालं. ४० नव्हे, ३०. कारण तुमच्या कालव्याला मधे मोऱ्या आहेत: बायकांचं सोडून जाण्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतं. नेमणुका निम्म्या-निम्म्या केल्या तर मात्र अकरा वर्षांत प्रत्येक पायरीवर एक-तृतीयांश गाठता येतात.

आता तुम्हीच सांगा, ६० वर्षं आणि ११ वर्षं यांतला फरक "वेळ लागतो" या सदरात कसा बसवायचा?

---

निवृत्त_मास्तर

विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. तरुण मंडळींनी कंटाळा करू नये.

हार्वर्ड वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिकरिंग नावाचे संचालक होते. आकाशाच्या काचेवर घेतलेल्या छायाचित्रांचे ढीग साचत होते आणि ते तपासायला माणसं हवी होती. त्यांनी बायका नेमल्या, कारण तासाला २५ सेंट दिले की भागत असे. त्यांतली विल्यमिना फ्लेमिंग आधी पिकरिंगच्याच घरी मोलकरीण होती. नवऱ्याने टाकलेली, पदरी पोर. तिने पुढे १८८८ साली मृग नक्षत्रातला अश्वमुख तेजोमेघ शोधला. (धागाकर्तीने आपल्या नावाचा मान राखून याची नोंद घ्यावी.) १९०० सालच्या तिच्या रोजनिशीत पगाराची तक्रार आहे: आपल्याला १५०० डॉलर, तर काही पुरुष सहायकांना २५००. म्हणजे "तेव्हाच्या बायकांना त्याचं काही वाटत नसे" हे म्हणणं खोटं.

तिथेच ॲनी जंप कॅनन. ताऱ्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हे वर्ग आपण आजही घोकतो ते तिने लावलेल्या क्रमाने. साडेतीन लाखांच्या आसपास तारे एकटीने वर्गवारी करून ठेवले. हार्वर्डने तिला विद्यापीठाची रीतसर नेमणूक दिली १९३८ मध्ये, तेव्हा तिचं वय ७४. हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ साली सेफिड ताऱ्यांचा (ज्यांचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं असे तारे) काळ आणि तेज यांचं नातं मांडलं. विश्वाची अंतरं मोजायची पट्टीच ती. १९२१ मध्ये गेली बिचारी, मानाच्या खुर्चीचा प्रश्नच आला नाही.

आणि सेसिलिया पेन. १९२५ च्या प्रबंधात तिने गणित करून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे असतात. त्या काळचे मोठे नाव हेन्री नॉरिस रसेल म्हणाले, शक्य नाही. तिने प्रबंधात स्वतःच लिहून टाकलं की हे प्रमाण बहुधा खरं नसावं. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला आले. पेनबाई हार्वर्डमध्ये वर्षानुवर्षं शिकवत होत्या, पण १९४५ पर्यंत त्यांचे वर्ग विद्यापीठाच्या यादीत छापले जात नसत. पूर्ण प्राध्यापक झाल्या १९५६ मध्ये.

आपल्याकडे कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी) यांना १९३३ साली बंगळुरूला सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता, मग एक वर्षाच्या अटीवर घेतलं, हे सर्वांना...

---

चिंगी

मास्तर, पेनबाईंचा पगार म्हणे "उपकरणं" या खात्यातून निघायचा. बाई, दुर्बीण आणि झाडू एका रकान्यात.

---

संपादक

सोहोनीबाई जीवरसायनशास्त्रातल्या. स्वतंत्र धागा काढावा, मास्तर, आम्ही नक्की वाचू. इथे खगोलशास्त्रच राहू द्या.

---

आठवा_ऋषी

जर्मनीतून लिहितोय, दुसरी पोस्टडॉक चालू आहे. मी पुरुष आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर मधेच कोणीतरी "ताई" म्हणेल.

पीएचडी आणि कायम नोकरी यांच्या मधल्या पायरीचं नाव पोस्टडॉक. दोन-तीन वर्षांचा करार. तो संपत आला की जगभर अर्ज करायचे, मग नवा देश, नवा व्हिसा, नवं भाड्याचं घर. दोन तर होतातच, तीनही होतात. वय साधारण अठ्ठावीस ते छत्तीस. या वयात बाकीची दुनिया काय करत असते ते इथे कोणाला सांगायला नको.

त्यातून खगोलशास्त्रातल्या बायकांचे नवरे पुष्कळदा याच क्षेत्रातले. माझी बायको याच विषयात, चिलीत. मी इथे. याला आमच्यात "टू-बॉडी प्रॉब्लेम" म्हणतात. न्यूटनने दोन वस्तूंचा प्रश्न सोडवला, आमचा राहिला. दोघांपैकी कोणी माघार घ्यायची वेळ आली की काय होतं? ओळखीतली सहा जोडपी मोजली. पाच ठिकाणी तिने घेतली. ही काही आकडेवारी नव्हे, नुसती बोटं मोजली.

@साधा_माणूस यांच्यासाठी एक खरा आकडा देतो, आणि तो थोडा त्यांच्या बाजूचाही आहे. युरोपीय दक्षिण वेधशाळेने आपल्याकडे आलेल्या दुर्बिणीच्या वेळेच्या अर्जांचा हिशेब २०१६ साली मांडला. आठ वर्षांतले सुमारे १३ हजार अर्ज. बाईने केलेला अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण १६ टक्के, पुरुषाने केलेला, २२ टक्के. पण खोलात गेल्यावर दिसलं की अर्ज करणाऱ्या बायकांत विद्यार्थिनी आणि पोस्टडॉक जास्त, पुरुषांत मुरलेले जास्त. मुरलेल्यांचे अर्ज अधिक मंजूर होतात. म्हणजे फरकाचा एक भाग वयाचा, अनुभवाचा. सगळा नव्हे.

---

साधा_माणूस

हेच म्हणत होतो! अनुभवाचा प्रश्न आहे, बाईमाणसाचा नाही.

---

मृगशीर्ष

थांबा जरा. ज्यांना दुर्बिणीचा वेळ मिळत नाही त्यांना निरीक्षणं मिळत नाहीत, निरीक्षणं नाहीत तर शोधनिबंध नाहीत, निबंध नाहीत तर पुढची नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर त्या "मुरलेल्या" होणार कधी? गावात सांगतात ना, पोहता येईपर्यंत विहिरीत उतरू नकोस, तसलाच प्रकार.

आणि हबलचं काय झालं ते ऐका, मला यातली ही सर्वांत आवडती गोष्ट आहे. हबल दुर्बिणीच्या अर्जांतही वर्षानुवर्षं पुरुषांचे अर्ज किंचित जास्त मंजूर व्हायचे. फरक दर वेळी छोटाच, पण दर वेळी एकाच बाजूला. आधी त्यांनी अर्जदाराचं नाव पहिल्या पानावरून हलवून पाहिलं, नंतर पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं ठेवून पाहिली. फारसा उपयोग झाला नाही. मग २०१८ च्या फेरीत नावं पूर्णच काढली. तपासणाऱ्याला अर्जदार कळणार नाही, अर्जदाराला तपासणारा कळणार नाही. "आम्ही मागच्या निबंधात दाखवल्याप्रमाणे" असं लिहायचीसुद्धा बंदी. समितीच्या खोलीत एक माणूस फक्त यासाठी बसवला की चर्चा "हे कोणाचं काम असेल बरं" या वळणावर गेली की त्याने थांबवावं. क्रमवारी लावून झाल्यावरच अर्जदारांच्या पात्रतेचं पाकीट उघडायचं.

त्या फेरीत बायकांच्या अर्जांचं मंजुरीचं प्रमाण ८.७ टक्के आलं, पुरुषांच्या, ८.०. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे: पहिल्यांदाच हबल मिळालेल्यांची संख्याही ठळक वाढली, आणि त्यात पुरुषही होते. वशिला नावाला चिकटलेला असतो, तो काढला की लहान गावच्या, लहान विद्यापीठाच्या सगळ्यांनाच श्वास मिळतो. या बदलासाठी ज्यांनी जोर लावला त्यांत प्रियंवदा नटराजन होत्या, येलमधल्या, मूळच्या भारतातल्या.

तुम्ही म्हणता तसा नुसता अनुभवाचा प्रश्न असता तर नावं झाकल्यावर आकडे उलटायचं कारण नव्हतं.

---

साधा_माणूस

हबलचं माहीत नव्हतं. एका फेरीवरून मी निष्कर्ष काढणार नाही, पण नावं झाकायला माझी हरकत नाही. त्यात कोणावर उपकार नाहीत. माझी हरकत त्या निम्म्या-निम्म्या नेमणुकांना आहे. उद्या एखादी बाई खरंच हुशार असली तरी लोक म्हणणार, कोट्यातून आली.

---

निवृत्त_मास्तर

साधा_माणूस यांचा मुद्दा एका फार मोठ्या बाईंनीही मांडला होता, म्हणून हसण्यावारी नेऊ नये. मार्गारेट बर्बिज. १९४५ साली त्यांनी कार्नेगी या अमेरिकी संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, उत्तर आलं की ही फक्त पुरुषांसाठी आहे, कारण माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर बायकांना मुभा नाही. पुढे त्या नवऱ्याच्या मदतनीस म्हणून तिथे जात आणि निरीक्षणं स्वतः करत. नवरा सैद्धांतिक, त्याला दुर्बिणीत रस नाही! १९७२ मध्ये त्या ग्रिनिच वेधशाळेच्या संचालक झाल्या. या पदाबरोबर तीनशे वर्षं "ॲस्ट्रॉनॉमर रॉयल" (राजखगोलशास्त्रज्ञ) हा किताब चालत आला होता. नेमका त्याच वेळी तो वेगळा काढून मार्टिन राइल यांना दिला गेला.

त्याच सुमारास अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेने त्यांना ॲनी कॅनन पारितोषिक देऊ केलं. ते फक्त स्त्रियांसाठी होतं, आणि बर्बिजबाईंनी नेमक्या त्याच कारणाने नाकारलं. भेदभाव बाजूने असो वा विरोधात, दोन्ही नको, अशी त्यांची भूमिका.

---

मृगशीर्ष

मास्तर, बर्बिजबाई बर्बिजबाई होत्या म्हणून त्यांना ते परवडलं. जोसलिन बेल बर्नेल यांचंही बघा. १९६७ मध्ये पल्सार (नियमित ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणारा तारा) त्यांनी पकडला, १९७४ चं नोबेल त्यांचे मार्गदर्शक ह्युइश आणि तुम्ही वर उल्लेख केलेले राइल यांना. २०१८ साली त्यांना तीस लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, ते त्यांनी सगळंच्या सगळं देऊन टाकलं, भौतिकशास्त्रात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी. दोघीही तितक्याच खंबीर, पण उत्तरं दोन वेगळी.

"मुलींना आवडतच नाही" असं अजून कोणी म्हटलेलं नाही, आश्चर्य आहे. म्हणणार असाल तर आधीच सांगते: त्याच आंतरराष्ट्रीय संघात अर्जेंटिनाच्या सभासदांत बायका एक-तृतीयांशाच्या वर होत्या, तेव्हा जपानच्या दहा टक्क्यांच्याही आत होत्या. तारे दोन्हीकडून दिसतात.

---

खोडद_रोड

नारायणगावचा आहे. लहानपणापासून इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या बघत मोठा झालो. आमच्याकडे बाया म्हणतात, रात्रीअपरात्री डोंगरावर पोरीला कोण पाठवणार? हे पण कारण असेल का? (भाबडा प्रश्न)

---

आठवा_ऋषी

भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे. रेडिओ दुर्बिणीला दिवस-रात्र सारखीच, आणि हल्ली बहुतेक निरीक्षणं घरच्या टेबलावरून होतात. पण एके काळी हेच कारण पुढे करायचे. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत निरीक्षकांच्या राहण्याच्या जागेचं नावच "मठ". वेरा रुबिन तिथे १९६५ मध्ये अधिकृत परवानगीने निरीक्षण करणारी पहिली बाई. तिथे बायकांचं स्वच्छतागृह नाही, असं कारण दिलं जायचं. असं सांगतात की तिने कागदाचा एक झगा कापला, पुरुषाच्या चित्राला चिकटवला आणि म्हणाली, झालं तुमचं स्वच्छतागृह. आता चिलीत तिच्या नावाची वेधशाळाच आहे, २०२५ मध्ये पहिली छायाचित्रं आली.

ब्रिटनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने सुवर्णपदक कॅरोलिन हर्शेलला १८२८ मध्ये दिलं, त्यानंतरची स्त्री रुबिन, १९९६ मध्ये. मधली १६८ वर्षं.

---

चिंगी

@मृगशीर्ष, एक विचारू? तुला हे सगळं इतकं तोंडपाठ कसं? तू आयटीवाली ना?

---

मृगशीर्ष

आता आयटीवाली. त्याआधी पीएचडी आणि दोन पोस्टडॉक, दीर्घिकांवर.

लांबण लावत नाही. मुलगी आठ महिन्यांची होती आणि माझा करार अकरा महिन्यांचा उरला होता. माझे बॉस भले गृहस्थ, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडच्या एका संस्थेत मुलाखतीला गेले. पाऊण तास माझ्या कामावर छान चर्चा झाली, मग एकाने सहज विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" मिस्टर पुण्यात, म्हटलं. "मग तुम्ही इथे राहणार का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली. त्या डोलावण्याचा अर्थ मला परतीच्या गाडीत कळला. नावं घेत नाही, माणसं वाईट नव्हती. नवऱ्याला हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही, हे त्यालाही तेव्हाच लक्षात आलं.

याला सगळे "गळती" म्हणतात, मला तो शब्द आवडत नाही. गळती म्हटलं की कुणाचाच हात दिसत नाही. मी राजीनामा लिहिला त्याला तीन आठवडे लागले होते, आणि अजून दर महिन्याला नवे निबंध चाळते. सवय.

---

साधा_माणूस

ताई, वर "अन्याय-अन्याय" लिहिलं ते मागे घेतो. कोट्याबद्दल मत तेच आहे, पण मुलाखतीत मिस्टर कुठे हा प्रश्न बंद व्हायला कोटा लागत नाही.

---

मृगशीर्ष

धन्यवाद. भांडू पुन्हा.

एक राहिलं. त्या क्यूलीबाई २०२२ मध्ये हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राच्या संचालक झाल्या, त्या जागी पहिल्या स्त्री. मास्तरांच्या पिकरिंगच्या वेधशाळेचाच आजचा अवतार.

---

भाची_नं_१

नवीन आयडी. मावशी, मी सगळं वाचलं. काकांना पण पाठवलंय. मला एकच विचारायचंय, पीएचडी करताना मधे लग्न, मूल वगैरे झालं तर मुदत संपते का? आई रोज विचारते आणि मला उत्तर येत नाही.

---

मृगशीर्ष

यूजीसीच्या नियमांत स्त्रियांना पीएचडीच्या कमाल मुदतीवर दोन वर्षं जास्त मिळतात, आणि संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा. आईला सांग. आणि रजेच्या काळात शिष्यवृत्ती चालू राहते का, हे प्रवेश घेण्याआधी तिथल्या कार्यालयात लेखी विचार. तोंडी "हो हो" वर जाऊ नकोस. जिथे घेशील तिथल्या दोन-तीन मुलींशी बोल, ज्यांची मुलं झाली आहेत अशा. प्राध्यापकांशी नंतर.

---

खोडद_रोड

भाचीबाई, २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी खोडदला जीएमआरटी लोकांना बघायला खुलं असतं. शाळांची पोरं येतात, गर्दी जाम. मावशीला घेऊन या, तबकडीखाली उभं राहून फोटो काढू. पुण्याहून नारायणगावची एसटी पकडा, पुढचं मी बघतो. मोबाईल आत बंद ठेवायला सांगतात, दुर्बिणीला त्रास होतो, तेव्हा फोटोचं तेवढं आधी विचारून घेतो.

---

चिंगी

मी पण येणार. डबा कोण आणतंय?